दुर्बिणीतून मनगटाची नस मोकळी करताना

माझ्या उजव्या हाताची करंगळी शेवटपर्यंत शाबूत राहिली, आणि निदानाचा धागा डॉक्टरांना तिथेच सापडला. निदान होतं कार्पल टनेल सिंड्रोम, म्हणजे मनगटातल्या अरुंद बोगद्यात नस दबणं. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट या तिघांना दिवसा मुंग्या, रात्री जळजळ, पहाटे बधिरपणा; करंगळीला मात्र काहीच नाही. मी हे सांगत असताना त्यांनी माझी अनामिका धरली, डोळे मिटायला सांगितले आणि कापसाचं टोक आधी तिच्या अंगठ्याकडच्या कडेवरून फिरवलं, मग करंगळीकडच्या. पहिल्या कडेला काहीतरी लागलं एवढंच कळलं. दुसऱ्या कडेला कापूस लागला. एकाच बोटाच्या दोन कडांमध्ये एवढा फरक असेल, हे तोवर माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. "मानेतलं दुखणं सहसा असं बोटाच्या मधोमध रेघ मारून थांबत नाही," ते म्हणाले.

मानेचं नाव निघालं, कारण तोपर्यंत सगळे मानेलाच धरून बसले होते. मी शिवणकाम करते. दिवसभर मान खाली आणि हात मशीनवर. हाताला मुंग्या येतात म्हटलं की ऐकणारा प्रत्येक जण "स्पॉन्डिलायटिस!" म्हणून मोकळा व्हायचा. मानेचा एक्स-रे काढला, त्यात माझ्या वयाच्या कोणाच्याही मानेत दिसेल तेवढी झीज दिसली. मग शेक झाले, मानेचे व्यायाम झाले, बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या झाल्या. मान छान मोकळी झाली. बोटं तशीच.

टाचणी टोचलेली कळायची नाही. पांढऱ्या कापडावर लाल ठिपका उमटला की मग बोटाकडे बघायचं. सुई चिमटीत आहे की निसटली, हे डोळ्यांनी तपासावं लागायचं. बटण टाकायला घेतलं की ते बोटांतल्या बोटांत फिरायचं आणि शेवटी जमिनीवर. रात्रीची तऱ्हा वेगळीच. झोप लागून जरा वेळ झाला की हात पेटायचा, मी उठून बसायचे.

डॉक्टरांनी विचारलं, "रात्री जाग आली की काय करता?" मी तोंड उघडायच्या आधीच हात झटकून दाखवला. ते हसले आणि कागदावर काहीतरी लिहिलं. हात झटकल्यावर बरं वाटणं हीच या दुखण्याची एक खूण मानतात, हे नंतर कळलं. मग त्यांनी मनगटावर बोटानं टिचक्या मारल्या, तर मधल्या बोटात करंट गेला. ही टिनेलची खूण. जूल टिनेल या फ्रेंच डॉक्टरांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ साली ती लिहून ठेवली. नंतर दोन्ही मनगटं पूर्ण वाकवून, हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून मिनिटभर थांबायला सांगितलं. ही फॅलनची चाचणी. माझ्याच्यानं मिनिट पुरं झालं नाही.

त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं, ते मी अजून जपून ठेवलंय. मनगटात तळहाताच्या बाजूला एक अरुंद बोगदा असतो. त्याचा तळ आणि भिंती आठ छोट्या हाडांच्या, आणि छत म्हणजे एक जाड आडवं लिगामेंट, हाडांना हाडांशी बांधणारा पट्टा. त्यातून बोटं आणि अंगठा वाकवणारी नऊ टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, जातात आणि त्यांच्यासोबत एक नस, मिडियन नर्व्ह. या दहांत सगळ्यात मऊ तीच. हाडं सरकत नाहीत, लिगामेंट ताणत नाही, मग टेंडनवरचं अस्तर सुजलं की चेंगरणार कोण? करंगळीची नस या बोगद्यातून जातच नाही, म्हणून करंगळी सुटली. तळहाताच्या कातडीला जाणारी फांदी बोगद्याच्या अलीकडेच फुटते आणि छतावरून जाते, म्हणून तळहात जागा होता. माझी इतक्या दिवसांची विस्कळीत तक्रार त्या चित्रात जागच्या जागी बसली.

रात्रीच का, याचंही उत्तर मिळालं. झोपेत मनगट नकळत वाकतं, आणि आडवं झाल्यावर शरीरातलं पाणी पायांकडून वर हातांतही पसरतं. १९८१ साली अमेरिकेत गेल्बरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोगद्यात बारीक नळी घालून आतला दाब मोजला होता. मनगट सरळ असताना निरोगी हातात तो सरासरी २.५ मिलिमीटर पारा भरला आणि दुखणं असलेल्या हातात ३२. मनगट पूर्ण वाकवल्यावर दुखऱ्या हातात नव्वदीच्या पुढे. तिशीच्या आसपासच नसेतलं रक्त नीट वाहायचं थांबायला लागतं. म्हणजे मी रोज रात्री हात उशाखाली मुडपून झोपत होते तेव्हा आत काय चाललं असेल, याचा हिशेब मनात आपोआप होऊ लागला.

शिवणकामामुळे झालं का, हा माझा पुढचा प्रश्न. डॉक्टरांनी "हो" म्हटलं नाही आणि "नाही"ही म्हटलं नाही. घट्ट पकड, सतत वाकवलेलं मनगट, हादरे देणारी यंत्रं यांनी भर पडते. पण मधुमेह, थायरॉइड कमी असणं, संधिवात, गरोदरपण, वाढलेलं वजन, ही कारणंही तितकीच मोठी. बायकांमध्ये प्रमाण जास्त, आणि घराण्यातही चालतं. माझ्या रक्ताच्या तपासण्या ठीक निघाल्या. आईचे हात रात्री "मरायचे", ती उठून ते चोळत बसायची, हे मला तेव्हा आठवलं. तिला याचं नाव कोणी सांगितलंच नाही.

सुरुवात पट्ट्यापासून झाली. रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट. बाजारात मिळणारे बरेच पट्टे मनगट किंचित मागे वाकवून ठेवतात. डॉक्टरांनी आतली पट्टी काढून हातानं सरळ केली आणि परत घातली. या एवढ्याशा गोष्टीनं फरक पडला. काही आठवडे रात्री बऱ्या गेल्या. मग पुन्हा पहिले पाढे. त्यानंतर मनगटात स्टिरॉइडचं इंजेक्शन. ते घेताना बोटात करंट आला तर लगेच सांगा असं बजावलं होतं, कारण सुई नसेच्या बाजूला जायला हवी, नसेत नव्हे. करंट आला नाही. पुढचे काही महिने मी जवळजवळ विसरलेच की मला काही झालं होतं. ज्यांना मधुमेह आहे त्यांची साखर या इंजेक्शननं काही दिवस वर जाते, म्हणून त्यांनी आधी विचारून घ्यावं.

दुखणं परत आलं तेव्हा ते बदललेलं होतं. आता मुंग्या येऊन जायच्या नाहीत. तर्जनीचं टोक दिवसरात्र बधिर. वेदना उलट कमी झाली होती, त्यामुळे घरच्यांना वाटलं बरं होतंय. डॉक्टरांनी दोन्ही हात उताणे शेजारी शेजारी ठेवायला लावले. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो, तो उजवीकडे थोडा बसला होता. अंगठा छताच्या दिशेनं उभा धरायला सांगून त्यांनी तो एका बोटानं खाली दाबला. डावा अडून राहिला, उजवा पडला. "आता एनसीव्ही करून घेऊ," एवढंच म्हणाले, पण आवाज बदलला होता.

एनसीव्ही म्हणजे नसेतून विजेचा संदेश किती वेगानं जातो ते मोजणं. तंत्रज्ञ मुलगा बोलका होता. "मावशी, हात गार आहेत, आधी गरम करू. गार हातात नस हळू चालते, रिपोर्ट उगाच वाईट येतो." त्यानं हात कोमट केले, बोटांना तारेची कडी घातली, अंगठ्याच्या उंचवट्यावर चिकटपट्टी लावली आणि मनगटावर छोटे झटके द्यायला सुरुवात केली. झटका चमकवतो, दुखवत नाही; अंगठा मात्र आपला नसल्यासारखा उडतो. कोपरापाशी दिलेले झटके जास्त झोंबले. मनगटापासून अंगठ्याच्या स्नायूपर्यंत संदेश साधारण साडेचार मिलिसेकंदांच्या आत पोचायला हवा. माझा त्याच्या बराच मागे होता. पडद्यावर करंगळीची लाट उंच आणि वेळेवर. तर्जनीची बुटकी, रेंगाळत येणारी. ग्राफ वाचता येत नसला तरी एवढं कोणालाही दिसलं असतं.

मग डॉक्टर आले आणि अंगठ्याच्या स्नायूत एक बारीक सुई घातली. ही ईएमजी. इथे यंत्राला स्पीकर जोडलेला असतो आणि स्नायूतली वीज ऐकू येते. हात सैल सोडला की स्पीकर गप्प असला पाहिजे. माझा अधूनमधून टिकटिकत होता. नसेचे काही धागे तुटले की त्यांच्यावर अवलंबून असलेला स्नायू असा एकटाच टिकटिकायला लागतो, असं त्यांनी सांगितलं. त्या आवाजानंतर ऑपरेशनबद्दल माझी घासाघीस संपली.

शस्त्रक्रिया म्हणजे तेच छत कापायचं. लिगामेंट आडवं आहे, ते उभ्या रेषेत पूर्ण चिरायचं, की बोगदा रुंद होतो. नस दुरुस्त करत नाहीत, तिला हातही लावत नाहीत. तिच्यावरचं ओझं काढतात. हे काम तळहातावर तीन-चार सेंटिमीटरचा छेद घेऊन उघड्यानं करता येतं, किंवा दुर्बिणीतून. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये इचिरो ओकुत्सू आणि अमेरिकेत जेम्स चाऊ यांनी दुर्बिणीच्या पद्धती बसवल्या. पुढे जॉन एजी यांनी मनगटावरच्या एकाच छेदातून कॅमेरा आणि पातं एकत्र आत नेणारं, चाप असलेलं हत्यार आणलं. माझ्या सर्जनांची पद्धत हीच. छेद मनगटाच्या सुरकुतीत, जेमतेम सेंटिमीटरभर. तळहाताच्या कातडीला धक्का नाही.

मुलगी मोबाइलवर वाचून आली होती. "आई, दुर्बिणीचंच करायचं, त्यात काहीच होत नाही." सर्जनांनी ते शांतपणे खोडून काढलं. दोन्ही पद्धतींत कापलं जाणारं लिगामेंट एकच. वर्षभरानंतर दोन्ही गटांतले रुग्ण शेजारी बसवले तर फरक सांगता येणार नाही. दुर्बिणीचा फायदा पहिल्या काही आठवड्यांत: तळहातावर व्रण नाही, त्याची दुखरी कड नाही, माणूस सरासरी आठवडाभर लवकर कामाला लागतो. तोट्याची बाजू अशी, की बोटांत काही काळ नवा बधिरपणा येण्याचं प्रमाण दुर्बिणीत थोडं जास्त. तो बहुतेकदा आपोआप जातो. आणि आत काही वेगळं दिसलं, म्हणजे नसेची फांदी नेहमीच्या जागी नसली किंवा दृश्य स्वच्छ नसलं, तर तिथेच थांबून उघड्यानं करायचं. त्याची संमती त्यांनी आधीच लिहून घेतली. मला ही अट आवडली. जो सर्जन "उघडायची वेळ येणारच नाही" म्हणतो, त्याच्यापेक्षा "आली तर उघडीन" म्हणणारा मला बरा.

छेद किती मोठा, यावर आम्ही घरी जेवढी चर्चा केली त्याच्या निम्मीसुद्धा नस किती दिवस दबलेली आहे यावर केली नव्हती. खरं तर निकाल त्याच्यावर ठरतो. मुंग्या येऊन-जाऊन असतील तर हात पूर्ववत होण्याची आशा मोठी. बधिरपणा मुक्कामाला आला असेल, उंचवटा बसला असेल, तर किती परत येईल ते कोणी छातीठोक सांगत नाही. सर्जनांनीही सांगितलं नाही. "रात्री झोपाल, याची मला जवळजवळ खात्री आहे. बोटाच्या टोकाचं मी वचन देत नाही."

ऑपरेशन फक्त हाताला भूल देऊन. अंगठी काढली, हात कोपरापर्यंत धुतला, कोणत्या हाताचं ऑपरेशन ते सर्जनांनी स्वतः पेननं हातावर खूण करून पक्कं केलं. दंडावर टूर्निकेट बांधलं. रक्तदाब मोजतात तसाच फुगणारा पट्टा, पण काम वेगळं. हात वर धरून रबरी पट्टीनं बोटांपासून कोपरापर्यंत घट्ट गुंडाळतात, रक्त वर सारतात आणि मग दंडाचा पट्टा २५० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास फुगवतात, म्हणजे हातात रक्त परत येत नाही. दुर्बिणीसमोर थेंबभर रक्त आलं तरी चित्र लाल होतं, त्यासाठी हा खटाटोप. मनगटात भुलेचं इंजेक्शन दिलं ते चांगलंच झोंबलं, पण तेवढ्यापुरतं. दंडाच्या पट्ट्याचा ठणका मात्र मिनिटागणिक वाढत गेला. संपूर्ण ऑपरेशनमध्ये मला खरा त्रास कशाचा झाला असेल तर या पट्ट्याचा, आणि त्याबद्दल आधी कोणी फारसं बोललं नव्हतं.

मध्ये पडदा होता, पण मी विचारल्यावर सर्जनांनी मॉनिटर माझ्या बाजूला थोडा वळवायला सांगितला. "सिस्टर, ताईंना बघायचंय. बघवलं नाही तर डोळे मिटा हं." सुरुवातीला काही दिसण्याआधी जाणवलं. लिगामेंटच्या आतल्या बाजूवरचं अस्तर खरवडून काढायला त्यांनी एक बोथट हत्यार आत सरकवलं, आणि ते पुढेमागे करताना खरखर हाडांतून दंडापर्यंत आली. दुखत काहीच नव्हतं. त्या खरखरीवरूनच आपण योग्य जागी आहोत हे त्यांना कळतं; लिगामेंटचे आडवे धागे हत्याराला असे जाणवतात. मग कॅमेरा आत गेला. पहिलं चित्र धुकट. काच दमट झाली होती. बाहेर काढून पुसली, परत घातली.

आणि मग स्वच्छ, पांढरे, एकाला एक लागून बसलेले आडवे धागे. आयुष्यभर विणकाम-शिवणकाम बघितलेल्या माझ्यासारखीला ते ओळखीचं वाटलं तर नवल नाही. सर्जन बोलत होते, माझ्याशी की सहकाऱ्याशी कोण जाणे: हत्यार अनामिकेच्या रेषेत ठेवायचं, कारण अंगठ्याकडे सरकलं तर नस आहे, पलीकडच्या टोकाला चरबी दिसेल, तिथे थांबायचं, त्याच्यापुढे रक्तवाहिनीची कमान आहे. "बोटात करंट येतोय का?" "नाही." "आला तर लगेच सांगा." चाप दाबला, पातं वर आलं आणि ते आपल्याकडे ओढत आणलं. मला कापताना काही दिसलं नाही म्हटलं तरी चालेल. दिसलं ते नंतरचं. दंडात तंग बसलेल्या बाहीची टीप उसवली की कापडाच्या दोन्ही कडा आपोआप फाकतात, तशा त्या पांढऱ्या पट्ट्याच्या दोन कडा बाजूला झाल्या आणि मधल्या फटीतून पिवळी चरबी खाली डोकावली. काही धागे राहिले होते, ते दुसऱ्या फेरीत. मग एका बारीक आकड्यानं त्यांनी दोन्ही कडा चाचपून पाहिल्या. या चाचपणीला त्यांनी कापण्यापेक्षा जास्त वेळ दिला. लिगामेंट अर्धवट कापलेलं राहणं हे ऑपरेशननंतर त्रास तसाच राहण्याचं मोठं कारण, असं नंतर त्यांच्याच तोंडून ऐकलं.

एक-दोन टाके, वर मऊ जाड ड्रेसिंग. पट्टा सोडला तेव्हा हात एकदम गरम झाला, लाल झाला आणि ठणकला, मग निवला. कापाकापीचा वेळ चहा उकळायला लागतो त्याहून फार नसेल, तयारीच मोठी. त्याच दिवशी घरी.

पहिल्या रात्री भूल उतरल्यावर मनगट दुखत होतं, हात उशांवर उंच ठेवला होता, आणि तरीही मी सलग झोपले. मुंग्यांनी उठवलं नाही. ही गोष्ट मी अनेकांकडून ऐकली होती आणि मला ती अतिशयोक्ती वाटायची. जखमेचं दुखणं आणि नसेचं दुखणं यांची जातच वेगळी. पहिलं गोळीनं ऐकतं. दुसरं गेलं होतं.

सकाळी मात्र तर्जनीचं टोक बधिरच, आणि शिवाय एक नवीन भर: मधलं बोट आणि अनामिका यांच्या बेचक्यात कातडी सुन्न. सर्जनांनी आधी सांगितलेलं नसतं तर मी घाबरून गेले असते. हत्यार आत जाताना तिथल्या नसेवर थोडा ताण येतो, त्यामुळे असं होतं. पुढच्या काही आठवड्यांत ते कधी ओसरलं ते कळलंही नाही.

बोटं पहिल्या दिवसापासून हलवायची, ही सक्त ताकीद. हात गळ्यात बांधून ठेवला की बोटं आखडतात आणि सूज बोटांत साचते. फिजिओथेरपीच्या मुलीनं टेंडन सरकवण्याचे व्यायाम शिकवले: बोटं सरळ, मग फक्त पुढचे दोन सांधे वाकवून आकडा, मग पूर्ण मूठ, मग बोटं सरळ ठेवून फक्त मुळाशी वाकवायची. नऊ टेंडन आणि नस एकमेकांना चिकटू नयेत, आपापल्या वाटेनं सरकत राहावीत, हा हेतू. "काकू, दमेपर्यंत नाही करायचं. थोडं थोडं, पण दिवसभर." टाके दोन आठवड्यांच्या आत निघाले. छेदाचा व्रण आता सुरकुतीत शोधावा लागतो.

सगळं आटोपलं असं वाटायला लागलं तेव्हा तळहाताचा बुंधा दुखायला लागला. अंगठ्याच्या आणि करंगळीच्या मुळाशी, दोन्हीकडे. खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठताना, बरणीचं झाकण फिरवताना, कात्री दाबताना. जखम मनगटावर आणि दुखतंय तळहातात, म्हणजे काहीतरी बिघडलं असं मला वाटलं. याला पिलर पेन म्हणतात आणि ते दोन्ही पद्धतींत येतं. कारण साधं आहे: जे लिगामेंट कापलं ते नुसतं छत नव्हतं. अंगठ्याचे आणि करंगळीचे छोटे स्नायू त्याला धरून असतात. छत गेलं की हाताची कमान किंचित पसरते आणि त्या स्नायूंना नवी बैठक शोधावी लागते. कापलेल्या कडांमध्ये हळूहळू नवा पट्टा तयार होतो, आधीपेक्षा लांब, सैल. तोवर मूठ कमजोर. तीन महिन्यांच्या आसपास पकड आधीच्या जागी येते असं सांगितलं होतं. माझी त्याहून जरा उशिराच आली. "सेंटिमीटरभर छेद" ऐकून घरचे सगळे मला दुसऱ्या आठवड्यात धडधाकट समजत होते. बाहेरची चीर लहान होती. आतली लहान नव्हती.

बधिर टोकाचा हिशेब मी स्वतः केला. नसेचे तुटलेले धागे साधारण दिवसाला एक मिलिमीटर वाढतात, असं सर्जन म्हणाले होते. गळ्यातली शिवणाची टेप काढून मनगटापासून तर्जनीच्या टोकापर्यंत मोजलं: सोळा सेंटिमीटर. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी पाच महिन्यांच्या वर. ज्या धाग्यांचं फक्त आवरण बिघडलंय ते आधी सुधारतात, म्हणून काही भाग लवकर येतो, काही उशिरा. हा आकडा हाती आल्यावर रोज सकाळी टोक चिमटून बघायची घाई कमी झाली.

दरम्यान फिजिओच्या मुलीनं डोळे मिटून वस्तू ओळखायचा सराव दिला. तिच्याकडे नाणी आणि खडे होते. मी घरी चिंध्या काढल्या. मखमल, खादी, साटन, कॅनव्हास. आधी चांगल्या हाताच्या बोटानं, मग बधिर बोटानं, आणि परत चांगल्या. मेंदूलाही जुना स्पर्श नव्यानं शिकवावा लागतो म्हणे. सुरुवातीला मखमल आणि खादी दोन्ही सारखीच, नुसती "काहीतरी आहे". काही आठवड्यांनी खादीचा खडबडीतपणा आला, पण चुकीचा आला: वीज लागल्यागत, नकोसा. त्यावर ती खूश झाली. जागं होणारं बोट आधी असंच चिडचिडं असतं. क्लिप वाकवून तिची दोन टोकं एकदम टेकवतात आणि एक लागलं की दोन, ते विचारतात. निरोगी बोटाच्या टोकाला सहा मिलिमीटरपेक्षा कमी अंतरावरची दोन टोकं वेगळी कळतात. मधलं बोट आता तिथे पोचलंय. तर्जनी थोडी मागे आहे, अंगठा त्यांच्या मधे.

काम कोणत्या क्रमानं परत आलं ते सांगते, कारण मी विचारलं तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं. मशीनवरची सरळ टीप सगळ्यात आधी. तिथे हात फक्त कापड पुढे सारतो. मग इस्त्री. हातशिलाई आणि बटणं बऱ्याच उशिरा, आणि जाड कापडाची कटाई सगळ्यात शेवटी, कारण कात्रीचा सगळा जोर त्याच दुखऱ्या बुंध्यावर येतो. कात्री मी हलकी घेतली आहे. अंगठ्याचा उंचवटा अजून पूर्ण भरलेला नाही, आणि तो भरेलच असं मी धरून चाललेले नाही. चिमटीत सुई आहे हे मात्र न बघता कळतं.

हा त्रास बऱ्याचदा दोन्ही हातांना होतो. डाव्यालाही रात्री अधूनमधून मुंग्या येतात, पण येऊन जातात, मुक्काम करत नाहीत. त्याला सध्या स्प्लिंट आहे आणि सहा महिन्यांनी एनसीव्ही पुन्हा करायची ठरली आहे. बधिरपणा टिकायला लागला तर त्याआधीच जायचं. ऑपरेशन करावं लागलं तर दुर्बिणीचंच करून घेईन. फक्त या वेळी एक गोष्ट सर्जनांना आधी विचारायची आहे. भुलेच्या औषधात अ‍ॅड्रेनलिन मिसळलं की जागच्या जागी रक्तस्राव थांबतो आणि काही ठिकाणी हाताची ऑपरेशनं टूर्निकेटशिवाय होतात. दुर्बिणीला ते चालत असेल, तर दंडाचा तो पट्टा मला नको आहे.